क्वाकूच्या मशीनमध्ये दुसरं कार्ड

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" ओसेईने बहिणीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर धरला. "क्वाकूचं ग्राफिक्स कार्ड काढ आणि तुझ्या मशीनमध्ये घाल. आत डोकावून कोण बघणार आहे? तू तर तुझंच काढून त्याच्यात घालतेयस. आयतं ताट वाढून देतेयस त्यांना."

"हात काढ," आफुआ म्हणाली. "वन्सं दुपारी येतील."

तिच्या नवऱ्याला, क्वाकूला, जाऊन चाळीस दिवस झाले होते. आता बहिणीने यायचं, भावाच्या वस्तूंची यादी करायची आणि सगळं माहेरच्या घराण्यात न्यायचं, ही कुमासीतली जुनी रीत. नवऱ्याचं ते त्याच्या घराण्याचं, बायकोचं ते बायकोचं, आणि बायकोच्या वस्तूला सासरच्यांनी बोटही लावायचं नाही. गाडी जाणार होती, फ्रीज जाणार होता. त्याचं आफुआला दुःख नव्हतं. पण कॉम्प्युटर गेला की खेकड्याचं कार्टून गेलं. सात वर्षं नवरा-बायको मिळून ते करत होते, शेजारपाजारच्या पोरांसाठी, ट्वी भाषेत. शेवटचा समुद्राचा प्रसंग तेवढा राहिला होता, आणि तो उघडला की आफुआचं जुनं मशीन बसकण मारायचं.

तिचं कार्ड लांबलचक होतं. हार्ड डिस्कची चौकट सोडवल्याशिवाय ते आत मावेना. दोन्ही कार्डांना वीज पुरवणारा मोठा एसएमपीएस तिने आदल्या दिवशीच आणून बसवला होता. कार्ड खाचेत दाबलं, बटण दाबलं. पंखे फिरले आणि थांबले.

"बघ, क्वाकूलाही पटलेलं नाही," ओसेई म्हणाला.

दुसऱ्या कार्डाची वायर अर्धीच बसली होती, ती आफुआने अंगठ्याने रेटून पार आत घातली. या खेपेला पंखे थांबले नाहीत. तिने समुद्राचा प्रसंग तयार व्हायला लावला.

वन्सं आल्या त्या काळ्या कपड्यात, काखेत वही घेऊन. क्वाकूच्या पाठची ही पोकुआ कडक बाई. गाडी, फ्रीज, पलंग असं लिहीत ती खोलीत आली. 'कॉम्प्युटर, एक' लिहिलं आणि उघड्या डब्यापाशी थबकली.

"आत ही दोन काय आहेत?"

"वरचं तुमच्या भावाचं, वन्सं. खालचं माझं."

"मग तुझं काढून घे."

"मी काढणार नाही." आफुआ मशीनसमोरून हलली नाही. "आणि तुम्हाला त्याला हात लावता येत नाही."

आता कुठे ओसेईला तिचा डाव कळला.

पडद्यावर लाट ओसरली आणि वाळूवरून खेकडा चालत आला. एक खांदा जरा खाली टाकून, घाई नसल्यासारखा. क्वाकू असाच चालायचा. पोकुआ तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. मग तिने वहीतल्या 'कॉम्प्युटर'वर काट मारली आणि डोळे पुसले.

दारापर्यंत जाऊन ती पुन्हा वळली.

"फ्रीजमध्ये तुझं काही आहे का गं?"

"भेंडीचं कालवण आहे," आफुआ म्हणाली. "कालचं."

पोकुआने फ्रीजवरही काट मारली.