खाकरायचं वळण

धूर तपासणी केंद्राच्या अलीकडच्या वळणावर पैलवानाने ट्रक बाजूला घेतला, न्यूट्रलमध्ये टाकला आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. मागून काळाकुट्ट धूर भसाभसा बाहेर पडला. पैलवान नुसता नावाला. अंगावर मूठभर मांस नव्हतं. तपासणीआधी सगळेच ड्रायव्हर इथे थांबत. याला ते गाडी खाकरून घेणं म्हणत. नळीतली काजळी बाहेर उडाली की गाडी तेवढ्यापुरती साळसूद वागते.

आज तिने वागायलाच हवं होतं. सरकारचा नवा नियम कडक होता. नापास झाली की गाडी रस्त्यावरून बाद, आणि तिच्यासोबत पैलवानही. मन भरेना म्हणून त्याने पुन्हा एकदा ॲक्सिलरेटर दाबला. खाली इंजिनातून नेहमीसारखं तेल ठिबकत होतं.

केंद्रात तपासनिसाने यंत्राची नळी लावली, आकडा पाहिला. "पास. छान ठेवलीय गाडी."

पैलवानाचा जीव भांड्यात पडला. काचेवर हिरवा बिल्ला लागला. ट्रक आवारातच ठेवून तो पायी बहिणीकडे निघाला. ती नुकतीच इकडे राहायला आली होती, घर त्याने पाहिलं नव्हतं. केंद्राजवळचं वळण आणि निळं दार, एवढीच खूण.

निळं दार दिसलं, ते त्याच खाकरायच्या वळणावर. दारासमोर रस्त्यावर त्याच्याच ट्रकमधून गळलेल्या तेलाचा डाग होता, अजून ओला.

आत खिडक्या गच्च बंद होत्या. बहीण तान्ह्या पोरीला खांद्यावर घेऊन तिची पाठ चोळत होती. पोर खोकून खोकून लाल झाली होती.

"ये दादा. मघाशी कुणी मेला दारातच धूर ओकत उभा होता. खिडकी लावेपर्यंत घर भरलं. हिच्या छातीला धूर अजिबात चालणार नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. तुझी गाडी झाली का पास?"

"झाली."

"मला ठाऊकच होतं! ह्यांनाही म्हटलं, सगळे ड्रायव्हर सारखे नसतात. घे, तुझी भाची."

पैलवानाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधाराला खिडकीच्या चौकटीवर टेकलेला हात त्याने उचलला. तळवा काळा झाला होता.

"नको. माझे हात काळे आहेत."

"त्यात तुझा काय दोष?" बहीण म्हणाली. "जा, साबणाने धू. चांगलं घासावं लागेल हं, त्या मेल्याची काजळी लवकर निघत नाही."