दोन-चार दिवस ठणकेल

भागुबाई गेल्याचं दाताच्या दवाखान्यात माहीत नव्हतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिथून खंडेरावांना फोन आला.

"काका, हर्षाली बोलतेय, इंदिरानगरच्या दवाखान्यातून. मावशींची दाढ तयार होऊन आलीय. शुक्रवारी घेऊन या त्यांना."

"येतो," एवढंच खंडेराव म्हणाले.

सुवर्णा शेजारीच मेथी निवडत बसली होती. कुणाचा फोन, ते तिने विचारलं नाही. दाढ बसवायचा हट्ट लेकीचाच होता. झेंडूच्या माळांचा दोरा दाढेखाली धरून तोडायची भागुबाईची चाळीस वर्षांची सवय. त्यात दाढ गेली. "कात्री घे आता, आणि दाढ बसवून घे," म्हणत सुवर्णाच आईला दवाखान्यात न्यायची. खंडेराव कधी गेले नाहीत. मळा सोडून कोण जाणार?

आषाढात हाडात स्क्रू बसवला. हाडाने तो धरायला तीन-चार महिने लागतात, मग वर दाढ बसते. दसऱ्याच्या आठवड्यात हिरडी थोडी उघडून माप घेतलं. दोनच दिवसांनी, खंडेनवमीला, माळ ओवता ओवता भागुबाई फुलांच्या ढिगावर कलंडली. हार्ट अटॅक, मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले.

"त्या दाढेनं खाल्ली तिला," खंडेराव भेटायला येणाऱ्यांना सांगत. सुवर्णा ऐकत असायची. एकदा ती म्हणाली, "मीच नेलं ना, अण्णा."

खंडेरावांनी नाही म्हटलं नाही.

शुक्रवारी ते एकटेच गेले. खिशात दवाखान्याचा छापील कागद होता. तो त्यांनी डॉक्टरबाईंच्या टेबलावर उलगडून ठेवला.

"दोन-चार दिवस जबडा ठणकेल, घाबरू नये, गोळी घ्यावी. तुम्हीच लिवलंय. ठणकला तिचा जबडा. मी वाचून दाखवलं, गोळी दिली. माणूस गेलं माझं."

डॉक्टरबाई वयाने सुवर्णाएवढ्या. त्या कागद वाचू लागल्या. खंडेरावांना त्या दिवशीची दुपार दिसत होती. डावा गाल तळहाताने दाबून भागुबाई म्हणाली होती, "जबडा लय ठणकतोय. पार दंडात उतरतंय." त्यांनी कागद आणला, चष्मा लावला, ओळ वाचली. "लिवलंय इथं. होतं तसं. दसऱ्याचा माल हाय, एवढ्या माळा होऊ दे, मग पड." तिने गोळी गिळली आणि सुईत दोरा ओवला.

"मला माहीत नव्हतं, काका," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी कपाटातून भागुबाईच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा काढला. त्यावर एकच पांढरी, चकचकीत दाढ बसवलेली होती. "ही त्यांची. तुम्ही घेऊन जा."

खंडेरावांनी साचा हातात घेतला. फिरवला. मग स्वतःच्या हनुवटीपुढे, आपल्या जबड्यासारखाच धरून बघितला.

"ही उलट्या बाजूला बसलीय."

"नाही, काका. उजवी खालची दाढ. दोरा इकडूनच तोडायच्या ना त्या? मान वाकडी करून दाखवलं होतं मला." डॉक्टरबाई थोडं हसल्या.

मान उजवीकडे वाकडी व्हायची. खंडेरावांनी चाळीस वर्षं समोर बसून बघितलं होतं.

"आणि डावीकडं?"

"डावीकडे काहीच केलं नाही. हातसुद्धा लावला नाही." त्या थांबल्या. "का? डावीकडे दुखत होतं त्यांना?"

खंडेरावांनी कागदाची घडी घातली. ती नीट बसेना, तसाच तो खिशात कोंबला. डॉक्टरबाईंनी दाढ साच्यावरून काढून डबीत घालून दिली, ती घेऊन ते उठले.

डबी आता फडताळात आहे, भागुबाईच्या सुयांच्या डब्याशेजारी. सुवर्णा दर रविवारी मळ्यात येते. वडिलांचा स्वयंपाक करते. डबी दिसली की नजर फिरवते.

ठणका डावीकडे होता, हे तिला खंडेरावांनी अजून सांगितलेलं नाही.