महिन्याची सुई

"आई, मी कोण?" हेमेंद्रनं विचारलं.

सुलोचनाबाई बघत राहिल्या. चेहरा आपल्याच माणसाचा होता, पण नाव काही केल्या हाती लागेना. "कान्होजी," त्या चाचरत म्हणाल्या. कान्होजी त्यांचा भाऊ. त्याला जाऊन वीस वर्षं झाली होती.

जयेंद्रगंज मोहल्ल्यात सगळ्यांनी ठरवून टाकलं, म्हातारी आता गेली कामातून. हेमेंद्रनं मात्र हाय खाल्ली नाही. त्यानं आईला डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासून घेतलं.

"हा म्हातारपणाचा विसराळूपणा नव्हे," डॉक्टर म्हणाले. "बी-ट्वेल्व्ह पार तळाला गेलंय. यांच्या पोटाला ते शोषताच येत नाही, म्हणून सुईच हवी. आधी एकाआड एक दिवस, मग महिन्याला एक, जन्मभर. सुईचा अपाय नाही, ती बंद करण्याचा आहे. पुन्हा अशाच होतील, आणि दुसऱ्यांदा सावरतीलच असं नाही."

हेमेंद्र सुई लावायला शिकला. दुखू नये म्हणून आधी आईचा दंड हलक्या हातानं चोळायचा.

हळूहळू पायांना सतत येणाऱ्या मुंग्या थांबल्या. मग एका सकाळी सुलोचनाबाई पलंगावरूनच ओरडल्या, "हेमू, दूध उतू चाललंय!"

हेमेंद्र धावत आला आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. "आई, तू मला ओळखलंस!"

सहा महिन्यांत त्या एकट्या पाटणकर बाजारात जाऊन भाजीवाल्याशी घासाघीस करू लागल्या. इंदूरच्या हर्षिताचा, लेकीचा, नंबर तोंडपाठ लावू लागल्या. हर्षिता तीन वर्षांत दोनदा आली होती. "भैया करतोय ना सगळं," म्हणायची.

घर हेमेंद्रच्या नावे करायचं सुलोचनाबाईंनीच काढलं.

"कशाला घाई, आई?" तो म्हणाला.

"माझं डोकं ठिकाणावर आहे तोवर होऊ दे."

डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं. रजिस्ट्री कचेरीतल्या साहेबांनी नाव, तारीख, घराचा पत्ता विचारला. सुलोचनाबाईंनी सगळं घडाघडा सांगितलं.

"मुलीला काहीच नाही?"

"ज्यानं मला परत आणलं, त्याला," म्हणत त्यांनी ठसठशीत सही केली.

पुढच्या मंगळवारी सुईचा दिवस होता. अंघोळ उरकून, बाही वर सारून त्या खाटेवर बसल्या. हेमेंद्र बुटाच्या नाड्या बांधत होता.

"हेमू, आज सुई आहे रे."

त्यानं वर पाहिलं. काल दिवसभर तो मोरेनाला होता. तिन्हीसांजेला परतला, तेव्हा त्यांनीच त्याला गरम भाकरी वाढली होती. सोबत मेथी होती आणि जेवून तो सरळ झोपला, तेही त्यांना नीट आठवत होतं.

हेमेंद्र जवळ आला. आईची बाही त्यानं हलकेच खाली ओढली.

"विसरलीस, आई? कालच तर लावली."