मळलेल्या कडा

"हे नको," शिंपीणबाईंनी पुस्तक परत ठेवलं.

जुन्या पुस्तकांचा दुकानदार दुखावला. "काकू, तीस दिवसांत इंग्रजी! हातोहात खपतं हे."

"आणि हातोहात परत येतं. कड बघा. पाचव्या दिवसापर्यंत मळलीय, पुढे अंगठा फिरकलेलाच नाही."

बाईंची नजरच तशी. शर्टाचं झिजलेलं कोपर बघून त्या शर्टवाल्याच्या बायकोचा स्वभाव सांगायच्या, आणि अंदाज कधी चुकला नाही. बायकांनी शर्ट पाठवणं बंद केलं ते त्यामुळेच.

इंग्रजीची शिक्षिका असलेली लेक यादी घेऊन मागे उभी होती. बी.ए.च्या इंग्रजीत आई दोनदा आपटली होती, तेही गाइड तोंडपाठ करून. तिसरी खेप शेवटची; त्यानंतर परीक्षेला बसू देत नाहीत.

"आई, यादीतलं घे. हट्ट नको."

"बघू तरी."

व्याकरणाचं पुस्तक फक्त शेवटी काळं होतं, उत्तरांच्या पानांवर. "चोर कुठले," म्हणत बाईंनी ते बाजूला सारलं. मग यादीतलं पहिलं, उशीएवढं जाड समीक्षेचं पुस्तक आलं. कडा दुधासारख्या.

"हे तू वाचलंस?"

"हो."

"कुठपर्यंत?"

लेक यादी वाचू लागली.

तळाच्या गठ्ठ्यातून बाईंनी एक इंग्रजी कादंबरी ओढली. पुठ्ठा गेलेला, पाठ दोनदा शिवलेली. कडा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारख्या काळ्या.

"यातले निम्मे शब्द तुला अडतील," लेक म्हणाली.

"इतक्या लोकांना अडले असतील. थांबलं का कोणी?"

बाईंनी तिथेच बैठक मारली. बोट ओळीखाली धरून एकेक शब्द टाचत निघाल्या. एका शब्दाशी अडल्या, त्याला वळसा घालून पुढे गेल्या. दुकानदाराने दोनदा घसा खाकरला. बाईंना ते ऐकूच गेलं नाही.

पाच पानं झाली. लेकीने यादी पर्समध्ये टाकली आणि समोरच्या गठ्ठ्यावर टेकली.

"दारात कोण आलंय गं?" उघड्या पानात डोकावत तिने विचारलं.

"थांब जरा," वर न बघता बाई म्हणाल्या, "अजून कडी काढतेय ती."