तिच्या जागेवरचं ताट

"भाऊजी, ताईच्या वर्षश्राद्धाचं ताट वाढलंय. ती बसायची तिथे तुमच्या हातांनी ठेवा," म्हणत मेहुणीने ताट मोरेश्वररावांच्या हातात दिलं.

डायनिंग टेबलापाशी येऊन ते थबकले. टोकाची खुर्ची त्यांची. खिडकीकडची मुलाची, समोरची मुलीची. चौथी पाहुण्यांची, एरवी तिच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी. आल्यागेल्याला ते कौतुकाने सांगायचे, "बावीस वर्षं आमच्याकडे सगळे एकत्रच जेवतात हो!" आणि तेव्हा बायको तव्यावरची पोळी घेऊन मागे उभी असायची.

"अहो, बघत काय उभे राहिलात? जागा विसरलात की काय बायकोची?" मेहुणी हसली.

"विसरलो नाही गं. ती पोळ्या करत असायची. आमचं आटोपलं की मग ती..." पुढचं त्यांना ठाऊकच नव्हतं. हात धुतले की ते बातम्या लावून बसायचे.

मुलीने त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं, स्वयंपाकघरात नेलं आणि ओट्यावर गॅसच्या शेजारी ठेवलं.

"इथे जेवायची आई. उभ्याने," ती म्हणाली. मेहुणीचं हसू मावळलं. मग मुलीनेच तवा चढवला. "बाबा, तुम्ही बसून घ्या. गरम पोळी वाढते."

मोरेश्वरराव सवयीने खुर्ची ओढून बसलेसुद्धा. आपण बसलोय हे ध्यानात आलं, तेव्हा त्यांना मान वर करून लेकीकडे बघवेना.