शांत टायर

दर रविवारी मी आई-बाबांना गाडीतून फिरवून आणते. टायर बदलायचे ठरले, तेव्हा ओल्या रस्त्यावर कोणता टायर किती अंतरात थांबतो आणि कोणाचा आवाज किती डेसिबल, हे सगळं मी ताडून पाहिलं.

बाबांना ते पटेना. "गाडी आहे की पाळणा? आवाज असला म्हणून काय बिघडतं?"

"काका, मागच्या सीटवर झोप लागेल बघा तुम्हाला," दुकानदार म्हणाला. बाबा हसले नाहीत.

नवे टायर बसवून निघालो. रस्त्याची घरघर पार थांबली होती.

मागून आईनं हळूच विचारलं, "अहो, गाडी चालवतेय ती कोण?"



"आपली थोरली गं," बाबा कुजबुजले, "हळू बोल, तिला ऐकू जाईल."