वत्सलाबाईंचा अबोला

जुनी यंत्रं महिनाअखेरीस बंद होणार होती, म्हणून खांबेटे आपल्या दिवंगत पत्नीला घेऊन स्थलांतर केंद्रात आले. वत्सलाबाईंचा स्वभाव अकरा वर्षं घरच्या यंत्रात बिनतक्रार चालत होता, म्हणजे तक्रारींसकट चालत होता. आता तो नव्या यंत्राच्या भाषेत उतरवून पुन्हा कंपाइल करायचा होता.

"काका, दोनशे चौदा एरर आल्या," तंत्रज्ञ शर्वरी म्हणाली. "काकू प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात. नव्या मानकात हे बसत नाही."

"आमच्या घरात बसत होतं," खांबेटे म्हणाले.

तिने एरर दुरुस्त केल्या आणि यंत्राला नव्या मानकाचे नियम पाळायला सांगणारा फ्लॅग लावला. वत्सलाबाई गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं."

खांबेट्यांनी दचकून मागे पाहिलं. "ही कोण?"

"मग जुन्या मानकाचा फ्लॅग लावते. काकू होत्या तशाच राहतील. पण काकूंना आवाज देणारी प्रोग्रॅमची लायब्ररी नवंच मानक मागते. त्यांना ऐकू येईल, बोलता मात्र येणार नाही."

"जुनाच लाव. अबोला धरलाय असं समजेन. सवय आहे मला."

घरी त्यांनी यंत्र ओट्याशेजारी ठेवलं. हिरवा दिवा लागला. वत्सलाबाई एका चमच्यावर साखर घालू देत नसत; चहात आपण तीन चमचे घातल्याचं ते रोज मोठ्यांदा सांगत आणि ओरडा खायला थांबत.

वत्सलाबाईंचा आजवरचा सगळ्यात लांब अबोला चार दिवसांचा होता. या वेळी पाचवा दिवस उजाडला तेव्हा खांबेट्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, कशाबद्दल ते न विचारता माफी मागितली.